पदुकोण यांचा मंद फटका

बॅडमिंटनमधील ऑल इंग्लंड स्पर्धेत पुरुष एकेरीचे विजेतेपद आजवर दोनच भारतीयांना मिळाले आहे, 1980 मध्ये प्रकाश पदुकोण यांना आणि 2001 मध्ये पुल्लेला गोपीचंद यांना. यांपैकी पहिल्या विजयाचा उल्लेख बहुधा राष्ट्रीय अभिमानाच्या सुरात होतो, परंतु तो कोणत्या प्रकारच्या खेळाने मिळाला याची चर्चा त्या मानाने फार थोडी झाली आहे. 1899 मध्ये सुरू झालेली ही स्पर्धा 1977 मध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धा अस्तित्वात येईपर्यंत विश्वविजेतेपदाच्याच तोलाची मानली जाई, आणि तिच्या पुरुष एकेरीवर इंडोनेशियाची जबरदस्त पकड होती. रुडी हार्टोनो यांनी 1968 ते 1976 या काळात ती आठ वेळा जिंकली, त्यांच्यानंतर 1978 आणि 1979 अशी लागोपाठ दोन वर्षे लिम स्वी किंग यांनी ती आपल्याकडे ठेवली, आणि उंच उडी घेऊन वरून खाली हाणलेला त्यांचा ‘जंप स्मॅश’ हा त्या काळी अचाट ताकदीचा नमुना समजला जात असे.

भारतात या खेळाची परंपरा नव्हती असे नाही. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या लष्करी छावणीतील इंग्रज अधिकाऱ्यांनी तो ‘पूना’ या नावाने खेळून त्याच्या नियमांना प्राथमिक आकार दिला होता. 1947 मध्ये प्रकाश नाथ यांनी ऑल इंग्लंडची अंतिम फेरी गाठली होती. आणि सांगलीत जन्मलेल्या नंदू नाटेकर यांनी 1954 मध्ये त्याच स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरी गाठून 1956 मध्ये मलायातील सेलांगोर स्पर्धा जिंकली, जे परदेशात एखाद्या भारतीय बॅडमिंटनपटूने मिळवलेले पहिले विजेतेपद होते. नाटेकरांचा खेळही ताकदीपेक्षा मनगटाच्या कसबावर आणि फसव्या फटक्यांवर उभा होता, त्यामुळे पदुकोण यांच्या शैलीला भारतीय पूर्वपीठिका होती असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

10 जून 1955 रोजी बंगळूर येथे कोकणी भाषिक कुटुंबात जन्मलेल्या पदुकोण यांना खेळाची ओळख वडील रमेश पदुकोण यांच्याकडून झाली. म्हैसूर बॅडमिंटन संघटनेच्या उभारणीत आणि कारभारात वडिलांचा मोठा वाटा होता, तरी संघटनेला स्वतःचे कोर्ट नव्हते आणि सराव घराजवळच्या ‘कॅनरा युनियन’च्या लग्नाच्या सभागृहात चाले. ज्या दिवशी तेथे लग्नकार्य असे त्या दिवशी सराव बंद राही, आणि इतर दिवशी मुले शाळा सुटताच तिकडे धाव घेत. असे प्रसंग यशोगाथांमध्ये पुढे त्यागाच्या कथा होऊन बसतात. पदुकोण यांनी स्वतः मात्र ते तक्रारीच्या सुरात फारसे सांगितलेले नाहीत. 1964 मध्ये राज्याचे कनिष्ठ गटाचे विजेतेपद मिळवणाऱ्या या मुलाने 1971 मध्ये आपल्या बचावात्मक खेळात आक्रमणाची जाणीवपूर्वक भर घातली, आणि त्याच वर्षी, वयाच्या सोळाव्या वर्षी, कनिष्ठ व वरिष्ठ ही दोन्ही राष्ट्रीय अजिंक्यपदे पटकावली. वरिष्ठ गटाचे विजेतेपद त्या वर्षापासून सलग 9 वेळा त्यांच्याकडे राहिले, आणि 1980 मध्ये तरुण सय्यद मोदी यांनी ही मालिका खंडित केली.

त्यांचे आक्रमण समजून घ्यायचे तर शटलचे, म्हणजे आपल्याकडे ज्याला सर्रास ‘फूल’ म्हटले जाते त्या वस्तूचे, वागणे लक्षात घ्यावे लागते. 16 पिसांचे आणि साधारण 5 ग्रॅम वजनाचे हे फूल रॅकेटवरून प्रचंड वेगाने सुटते, परंतु पिसांना होणाऱ्या हवेच्या विरोधामुळे त्याचा वेग काही क्षणांतच झपाट्याने उतरतो, आणि म्हणूनच या खेळात वेग वाढवण्याइतकीच तो कमी करण्याची कलाही निर्णायक ठरते. पदुकोण यांचे खास शस्त्र होते ते ‘हाफ स्मॅश’चे : हात पूर्ण स्मॅशसाठी उचलायचा, प्रतिस्पर्ध्याला मागे रेलून थांबायला लावायचे, आणि ऐन क्षणी रॅकेटची जाळी फुलाला तिरकी घासून ते नेटच्या पलीकडे, अपेक्षेपेक्षा आखूड आणि तीव्र उताराने टाकायचे. एकाच हालचालीतून टॉस (म्हणजे फूल उंच उडवून कोर्टाच्या मागच्या टोकाला पाठवणे), ड्रॉप आणि हाफ स्मॅश असे तीन वेगवेगळे फटके निघू शकत असल्यामुळे समोरचा खेळाडू आधी हलू शकत नाही, आणि जो आधी हलू शकत नाही त्याच्या पायांतील वेगाचा त्याला फारसा उपयोग उरत नाही. या शैलीला बचावाचा खेळ म्हणणे, जसे काही समकालीन म्हणत, हा गैरसमज आहे. ते आक्रमणच होते, फक्त त्याचे लक्ष्य फुलापेक्षा प्रतिस्पर्ध्याचा तोल हे होते.

23 मार्च 1980 रोजी लंडनच्या वेम्बली अरीनामध्ये याचा प्रत्यय आला. त्या वर्षी डेन्मार्क आणि स्वीडन येथील खुल्या स्पर्धा जिंकून आलेल्या पदुकोण यांनी ऑल इंग्लंडच्या उपांत्य फेरीत डेन्मार्कच्या मॉर्टन फ्रॉस्ट यांना आणि अंतिम फेरीत किंग यांना हरवले, तेही 15-3, 15-10 असे सरळ. येथे जुन्या गुणपद्धतीचा संदर्भ आवश्यक आहे, कारण 2006 पासून प्रत्येक रॅलीला गुण मिळणारा 21 गुणांचा डाव खेळला जात असला तरी त्या काळी गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्यालाच मिळे. समोरच्याने रॅली जिंकली तर त्याच्या पदरात केवळ सर्व्हिस पडे. त्यामुळे 15-3 या आकड्यामागे प्रत्यक्षात कितीतरी अधिक रॅली दडलेल्या असत, आणि संयम सुटलेल्या खेळाडूची गुणफलकावर दिसते त्यापेक्षा अधिक दमछाक होत असे. उडी मारून स्मॅश हाणणाऱ्याला सतत खालून, मंद आणि अडचणीच्या जागेहून खेळायला लावणारी पदुकोण यांची पद्धत या नियमांच्या कुशीत चांगली रुजत होती.

त्यांच्या कर्तृत्वाचा दुसरा कळस पुढच्याच वर्षीचा. चीनच्या खेळाडूंना अनेक वर्षे मुख्य प्रवाहातील स्पर्धांपासून दूर ठेवणारी आंतरराष्ट्रीय संघटनांमधील फूट 1981 मध्ये मिटली, आणि त्याच वर्षी क्वालालंपूर येथे झालेल्या विश्वचषक स्पर्धेच्या अंतिम फेरीत पदुकोण यांनी चीनच्या हान जियान यांचा 15-0, 18-16 असा पराभव केला. दुसऱ्या डावाचा हा विचित्र वाटणारा आकडा ‘सेटिंग’ या जुन्या नियमामुळे आला : डावात 13-13 अशी बरोबरी झाली की आधी 13 गुणांवर पोहोचलेल्या खेळाडूला डाव 18 गुणांपर्यंत वाढवण्याची मुभा असे. एकही गुण न देता पहिला डाव घेतल्यावर दुसऱ्यात इतका ओढाताणीचा शेवट व्हावा, यावरून हान जियान यांनी मधल्या काळात स्वतःला किती सावरले असेल याची कल्पना येते. मात्र त्याच 1981 मध्ये ऑल इंग्लंडच्या अंतिम फेरीत किंग यांनी पराभवाची परतफेड केली होती. 1978 चे एडमंटन येथील राष्ट्रकुल सुवर्णपदक आणि 1983 चे कोपनहेगन येथील जागतिक स्पर्धेतील कांस्यपदक ही याच कालखंडाच्या दोन टोकांवरची यशे होत. बॅडमिंटनला ऑलिम्पिक पदकांचा खेळ म्हणून प्रवेश मिळाला तो 1992 मध्ये, म्हणजे ते निवृत्त झाल्यावर, त्यामुळे आजच्या मोजपट्टीने त्यांची यादी जरा आखूडच दिसते.

1980 नंतर ते डेन्मार्कमध्ये राहून कोपनहेगनजवळच्या व्हिडोव्हर क्लबतर्फे खेळू लागले, कारण रोज आपल्या तोडीच्या खेळाडूंशी सराव मिळण्याची सोय भारतात नव्हती. प्रतिभा असलेल्या खेळाडूला सरावासाठी देश सोडावा लागणे ही उणीव त्यांनी नेमकी हेरली होती असे त्यांच्या पुढील कार्यावरून दिसते; 1991 मध्ये निवृत्त झाल्यावर 1994 मध्ये विमल कुमार आणि विवेक कुमार यांच्यासह त्यांनी बंगळूरला अकादमी उभारली. गोपीचंद यांनी तेथे प्रशिक्षण घेतले. मुंबईची अपर्णा पोपटही त्याच सुमारास सरावासाठी तेथे गेली आणि पुढे सलग 9 राष्ट्रीय महिला एकेरी विजेतेपदे मिळवून तिने आपल्या गुरूंच्या विक्रमाची बरोबरी केली. लक्ष्य सेन हा या अकादमीचा अलीकडचा विद्यार्थी, ज्याने 2022 मध्ये ऑल इंग्लंडची अंतिम फेरी गाठली.

2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये सेनच्या सामन्यांना पदुकोण प्रशिक्षकाच्या खुर्चीवर बसलेले होते, आणि पहिला डाव जिंकूनही मलेशियाच्या ली झी जिया याच्याकडून कांस्यपदकाची लढत गमावल्यावर त्यांनी सार्वजनिकपणे सांगितले की सरकार आणि संघटना यांनी आपला वाटा उचलला आहे, आता जबाबदारी खेळाडूंनी घ्यायला हवी. दुहेरीतील अश्विनी पोनप्पा हिने या विधानावर उघड आक्षेप घेतला, आणि तिच्या आक्षेपात तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही, कारण सुविधा आल्या म्हणून खेळाडूवरचा दबाव कमी होतोच असे नाही. परंतु लग्नाचे सभागृह रिकामे आहे की नाही हे पाहून खेळायला मिळालेल्या पिढीकडून दुसऱ्या कोणत्या स्वराची अपेक्षा करावी, हाही प्रश्न उरतोच.