प्रतिजैविकांचा उचित वापर

सूक्ष्मजंतूंची वाढ थांबविणाऱ्या वा त्यांचा नाश करणाऱ्या औषधांना प्रतिजैविके म्हणतात. सर्दी, इन्फ्ल्यूएंझा, गोवर, डेंग्यू हे विकार व्हायरसजन्य असल्याने त्यांवर ती निरुपयोगी ठरतात. पेनिसिलीन सूक्ष्मजंतूच्या कोशिकाभित्तीच्या निर्मितीत अडथळा आणते. व्हायरसाला कोशिकाभित्तीच नसते.

संसर्ग होताच भक्षिकोशिका रोगकारकांना गिळू लागतात. त्यांच्यापासून स्रवणाऱ्या पदार्थांमुळे ताप येतो, म्हणजे ताप हा प्रतिकाराचाच भाग होय. पुढे काही दिवसांत लसीका कोशिकांपासून विशिष्ट प्रतिपिंडे तयार होतात. साधी सर्दी अशा रीतीने सात ते दहा दिवसांत आपोआप बरी होते. त्या काळात प्रतिजैविक चालू असल्यास गुणाचे श्रेय त्यालाच दिले जाते. ही समजूत दूर करणे औषध देण्यापेक्षा अवघड असते. शेंबूड पिवळा वा हिरवट होणे हीदेखील सूक्ष्मजंतूंच्या संसर्गाची खात्रीलायक खूण नव्हे. तो रंग श्वेतकोशिकांतील एंझाइमामुळे येतो.

तथापि शरीराचा प्रतिकार प्रत्येक वेळी पुरा पडतोच असे नाही. सोलापूर येथे जन्मलेले वैद्य द्वारकानाथ शांताराम कोटणीस (१९१०–४२) हे १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. तेथे युद्धात जखमी झालेल्यांवर उपचार करणारे कॅनेडियन शल्यचिकित्सक नॉर्मन बेथ्यून हे शस्त्रक्रियेच्या वेळी बोटाला झालेल्या जखमेतून रक्तात जंतुसंक्रमण होऊन नोव्हेंबर १९३९ मध्ये मरण पावले. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुखपद १९४१ मध्ये कोटणीस यांच्याकडे आले. पेनिसिलिनाचा शोध १९२८ मध्येच लागला होता, पण ते टोचून रुग्णावर उपचार करण्यास १९४१ साल उजाडले. भारतात पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी १९५४ मध्ये स्थापन झाली.

सूक्ष्मजंतुजन्य फुप्फुसशोथ, आंत्रज्वर व स्ट्रेप्टोकॉकसजन्य घसादुखी यांत प्रतिजैविक अवश्य द्यावे लागते. अशा घसादुखीकडे दुर्लक्ष झाल्यास संधिज्वर होऊन हृदयाच्या झडपा कायमच्या निकामी होऊ शकतात. याउलट मुलांच्या पाण्यासारख्या अतिसारात बहुधा जलसंजीवनी व जस्त पुरेसे असते. शौचातून रक्त पडत असल्यास मात्र वैद्याने प्रतिजैविकाचा विचार करावा.

अनावश्यक मात्रेने आतड्यातील उपयुक्त जंतू मरतात आणि औषधाला दाद न देणारे जंतू उरून वाढतात. आंत्रज्वरावर हुकमी मानल्या गेलेल्या क्लोरँफिनिकॉलाला न जुमानणाऱ्या जंतूंची साथ १९७२ मध्ये केरळात आली. २०१४ पासून ‘एच१’ अनुसूचीतील प्रतिजैविके चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत व त्यांच्या विक्रीची नोंदवही औषधविक्रेत्याला तीन वर्षे जपावी लागते. औषध किती दिवस घ्यावयाचे हे रोगानुसार वैद्य ठरवितो. उरलेल्या गोळ्या पुढील तापासाठी ठेवू नयेत व शेजाऱ्यासही देऊ नयेत.