भोरमार्गे समुद्र

पुण्याहून कोकणात जायचे म्हटले की गाडी आपोआप ताम्हिणीकडे वळते. सकाळी निघायचे, दुपारी दिवेआगरला मासे खायचे, दुसऱ्या संध्याकाळी परत. या बेतात वाईट काही नाही. फक्त त्यात घाट हा भराभर उतरून टाकायचा अडथळा ठरतो. वेल्हे-भोरवरून उतरायचे असेल तर मात्र चार-पाच दिवस हाताशी ठेवावेत आणि नकाशा जुना घ्यावा.

जुना म्हणजे भोर संस्थानचा. राजाराम महाराजांच्या काळात सचिवपद मिळालेल्या शंकराजी नारायण यांच्या वंशाचे हे संस्थान ८ मार्च १९४८ रोजी विलीन झाले. त्याचे तालुके पाच : विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड. विचित्रगड म्हणजे रोहिडा, प्रचंडगड म्हणजे तोरणा. वेल्हे तालुक्याला राजगड नाव देण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२४ मध्ये घेतला. संस्थानी दप्तरात राजगड तालुका आधीपासून होताच. पण प्रवाशाच्या कामाचा आहे तो पाचवा, सुधागड. तो घाटाखाली, पालीच्या बाजूला. म्हणजे भोरचा कारभार घाटमाथ्यावर संपत नव्हता. आपला प्रवासही तिथे संपू नये.

सुरुवात राजगडापासून करावी. २०२५च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवले, त्यांतले तीन या एका वाटेवर येतात : राजगड, रायगड आणि हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग. तोरणा त्या यादीत नाही. वेल्ह्यात मुक्काम असेल तर यादीकडे दुर्लक्ष करून चढावा. राजगड एका दिवसात उरकण्याजोगा गड नव्हे. सईबाईंचा मृत्यू (१६५९), आग्र्याहून शिवाजी महाराजांचे परतणे (१६६६), राजारामांचा जन्म (१६७०) हे सगळे इथले. गुंजवण्याकडून चोर दरवाजाची वाट अंगावर येते. घरातली वडीलधारी मंडळी बरोबर असतील तर पाली दरवाजाची पायऱ्यांची वाट धरावी.

वेल्ह्याहून केळदला गेलात तर मढे घाटाच्या तोंडाशी उभे राहाल. सिंहगडावर पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचा देह याच वाटेने उमरठला नेला, अशी परंपरा आहे. ही पायवाट आहे, गाडीला इथून माघारी फिरावे लागते.

भोर गावात राजवाडा पाहावा, पण वेळ ठेवावा तो आंबवड्यासाठी. नागेश्वराचे देऊळ, संस्थानकाळातला झुलता पूल आणि कान्होजी जेधे व जिवा महाला यांच्या समाध्या, सगळे एकाच लहानशा गावात. पेट्रोल भोरलाच भरून घ्यावे. पुढचा रस्ता नीरा-देवघरच्या पाण्याच्या कडेने वळत जातो आणि दिवाळीच्या सुमारास धरण भरलेले असते, तेव्हा चालकाशेजारची जागा कोणाची यावरून भांडणे होतात.

वरंधा घाट माथ्यावर जिथे खिंडीतून पलीकडे उतरतो, तिथे तो कावळ्या किल्ल्यातून जातो. रस्त्यासाठी डोंगर कापला आणि किल्ल्याचे दोन तुकडे झाले. बहुतेक गाड्या वाघजाईच्या देवळापाशी कांदाभजी आणि चहासाठी थांबतात, माकडांना चार भजी गमावतात आणि निघतात. देवळाच्या परिसरातच कातळात खोदलेल्या टाक्यांची रांग आहे, तिकडे फारसे कोणी फिरकत नाही. एवढे पाणी खडकात साठवले, त्या अर्थी इथे पहारा होता आणि वाहती वाट होती. घाट उतरल्यावर शिवथरघळीचा फाटा घ्यावा. समर्थ रामदासांशी आणि दासबोधाशी जोडलेली ही घळ धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० साली शोधून काढली.

महाडला लोक रायगडासाठी थांबतात, ते योग्यच. पण चवदार तळ्यावर न जाता पुढे जाणे मला पटत नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी तिथे पाणी प्यायले. या सगळ्या वाटेवर इतके अलीकडचे आणि इतके मोठे दुसरे काही नाही. गावाजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल २०१६च्या ऑगस्टमध्ये पुरात वाहून गेला. पावसाळ्यात या बाजूला येणाऱ्याने तेवढे लक्षात ठेवावे.

तीच सावित्री बाणकोटच्या खाडीत समुद्राला मिळते. अलीकडे हरिहरेश्वर-बागमांडले, पलीकडे वेसवी आणि बाणकोटचा किल्ला. तो १७५६ मध्ये इंग्रजांकडे गेला आणि फोर्ट व्हिक्टोरिया झाला. बागमांडल्याहून गाडीसकट फेरीबोटीने पलीकडे गेलात की हर्णै आणि सुवर्णदुर्ग एका दिवसात होतो. हरिहरेश्वराची प्रदक्षिणा मात्र ओहोटीतच. किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट करून भरतीचा तास काढतात : पुनवेला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकराच्या सुमारास भरती, पुढे सहा तासांनी ओहोटी. हा अंदाज आहे, कातळावर पाय ठेवण्यापूर्वी गावात विचारावेच.

परतताना म्हसळा-माणगाव-कोलाड करत पालीला यावे. बल्लाळेश्वराच्या रांगेत उभे राहणाऱ्यांपैकी थोडेच सुधागडाकडे वळतात. वर भोरच्या पंतसचिवांचा वाडा आहे, भोराई देवीचे देऊळ आहे आणि रायगडाच्या महादरवाजाची आठवण करून देणारा दरवाजा. पायथ्याच्या पाच्छापुरात १६८१ साली संभाजी महाराज आणि औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर भेटले. भोरला पाहिलेल्या राजवाड्याची दुसरी बाजू इथे कळते.

सुट्टी एक दिवसाने कमी पडली तर किनाऱ्यावरचा एक मुक्काम कापावा, सुधागड कापू नये. आणि निघण्यापूर्वी वरंधा सुरू आहे का, याची प्रशासनाची सूचना पाहावी. पावसाळ्यात दरडींमुळे हा घाट अनेकदा वाहतुकीला बंद ठेवतात.