मोजक्या नमुन्यांच्या आधारे प्रतिमेतील वस्तूंची गणना : स्वरूप व मर्यादा

प्रस्तावना :
सूक्ष्मदर्शकाखालील पेशी असोत वा आकाशातील पक्ष्यांचा थवा, संख्या वाढत गेली की मानवी डोळा थकतो व मोजणीत चुका होतात. म्हणून हे काम संगणकाकडे सोपविण्याचे प्रयत्न झाले. तथापि आरंभीच्या बहुतेक प्रणाली एकाच प्रकारच्या वस्तूपुरत्या मर्यादित होत्या. गर्दी मोजण्यास शिकलेली प्रणाली पेशी मोजू शकत नसे. प्रत्येक नव्या वस्तूसाठी असंख्य प्रतिमांवर हाताने खुणा कराव्या लागत. या अडचणीतून मोजक्या नमुन्यांवर आधारित गणनेची पद्धती पुढे आली. प्रस्तुत लेखात तिचे स्वरूप व मर्यादा स्पष्ट केल्या आहेत.

कार्यपद्धती :
या पद्धतीचा पाया म्हणजे घनता-नकाशा. व्हिक्टर लेम्पित्स्की व अँड्र्यू झिसरमन यांनी २०१० मध्ये प्रतिमेतील गणनेसाठी ही कल्पना मांडली. नकाशात प्रत्येक वस्तूच्या वाट्याला एकूण एक इतके मूल्य येते; त्यामुळे सर्व मूल्यांची बेरीज म्हणजेच वस्तूंची संख्या होय. पुढे २०१८ मध्ये एरिका लू, वेइदी शिए व झिसरमन यांनी गणनेकडे जुळणीचा प्रश्न म्हणून पाहिले. वस्तू कोणती हे ओळखण्याची गरज नाही. नमुन्यासारखे प्रतिमेत आणखी कोठे काय आहे, एवढेच शोधावयाचे.

वीरेश रंजन व सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये मांडलेल्या 'फॅमनेट' प्रणालीत वापरकर्ता साधारणतः तीन वस्तूंभोवती चौकटी आखतो. प्रणाली त्या नमुन्यांची वैशिष्ट्ये संपूर्ण प्रतिमेशी ताडून पाहते व त्या साम्यावरून घनता-नकाशा तयार करते. याच संशोधनातील 'एफएससी-१४७' या संचात १४७ प्रकारांच्या वस्तूंच्या ६,१३५ प्रतिमा आहेत. त्यांपैकी ८९ प्रकार प्रशिक्षणासाठी, २९ पडताळणीसाठी व २९ चाचणीसाठी आहेत. चाचणीतील एकही प्रकार प्रशिक्षणात नसल्याने प्रणालीची खरी कसोटी लागते.

मर्यादा :
चाचणी-प्रतिमांवर फॅमनेटची सरासरी निरपेक्ष त्रुटी २२.०८ होती, २०२३ मधील 'लोका' प्रणालीने ती १०.७९ पर्यंत आणली. परंतु केवळ सरासरी पाहणे दिशाभूल करणारे ठरते. फॅमनेटच्या त्रुटींच्या वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ ९९.५४ होते. या मापात मोठ्या चुकांना अधिक वजन मिळते. म्हणजेच काही दाट प्रतिमांत प्रणाली फार मोठ्या प्रमाणावर चुकत होती. सदर संचात एका प्रतिमेतील वस्तूंची संख्या ७ पासून ३,७३१ पर्यंत असल्याने हे लक्षात घेणे अगत्याचे आहे.

दुसरी अडचण वस्तूच्या रचनेची. गॉगलच्या दोन काचा एकसारख्या असल्याने एकच गॉगल दोनदा मोजला जाऊ शकतो. अशा वेळी नमुन्याच्या चौकटीतील बेरीज एकऐवजी दोनच्या जवळ येते व तिने एकूण संख्येला भागून दुरुस्ती करता येते. तिसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. दहा वस्तू सुटल्या व अन्य दहा दोनदा मोजल्या गेल्या, तरी बेरीज अचूकच दिसते.

समारोप :
या पद्धतीमुळे नव्या वस्तूसाठी प्रशिक्षणाचा मोठा खटाटोप टळतो, हे तिचे निर्विवाद यश होय. मात्र तिने दिलेला आकडा हा अंदाज असतो. पेशींच्या संख्येवरून निष्कर्ष काढणाऱ्या अभ्यासकाने आकड्याबरोबर घनता-नकाशाही तपासावा व निवडक प्रतिमा हाताने मोजून पाहाव्यात. अन्यथा मोजणीचे श्रम वाचतील, पण निष्कर्षाचा आधारच डळमळीत होईल.