अंगणात उघडलेला गिअरबॉक्स

बीड शहराला रेल्वे मिळाली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. परळीला गाडी फार आधीपासून होती, आष्टीपर्यंत ती २०२२मध्ये आली. पण जिल्ह्याच्या मुख्य गावाने तोवरची सगळी वर्षं रस्त्याच्याच भरवशावर काढली. पाटोदा, धारूर, अंबाजोगाईकडे बालाघाटाचे चढउतार, खाली गेवराई-माजलगावात गोदाकाठची काळी जमीन. पहिला मोठा पाऊस झाला की ही जमीन चाकाला धरते आणि सोडत नाही. अशा मुलखात साहेबांची, आरोग्य केंद्राची, दुष्काळी कामांवरच्या देखरेखीची गाडी म्हणून जीप आली. सरकारी नोकरी संपली की ती लिलावातून शेतकऱ्याच्या किंवा ठेकेदाराच्या दारात गेली. आज त्यांतल्या कित्येक गोठ्याशेजारी, लिंबाखाली बसलेल्या टायरांवर उभ्या आहेत. भंगारवाला वजनावर भाव सांगतो आणि घरातली तरुण मुलं म्हणतात, देऊन टाका.

देऊ नका. ही गाडी घरी उघडता येते आणि घरीच पुन्हा उभी करता येते.

तिचा जन्मच तसा आहे. १९४० साली अमेरिकी लष्कराला हलकी चारचाकी हवी होती. बँटम नावाच्या छोट्या कंपनीने अवघ्या ४९ दिवसांत पहिला नमुना हजर केला. पुढे विलीज आणि फोर्ड यांनी युद्धकाळात त्या गाड्या लाखांनी बांधल्या. आघाडीवर ना वर्कशॉप ना कारागीर, म्हणून चार पाने आणि एक जॅक यांवर सुटेल अशीच तिची रचना ठेवली गेली. १९४५ साली सुरू झालेल्या महिंद्र कंपनीने त्याच दशकात मुंबईत माझगावला विलीजच्या जीप जुळवायला घेतल्या. नंतर आलेली उंच नाकाडाची सीजे-३बी अमेरिकेत १९६८मध्ये थांबली, पण महिंद्रने तो वंश पुढे कितीतरी वर्षं चालू ठेवला. बीडच्या जुन्या माणसांच्या डोळ्यांसमोर जीप म्हटलं की जी उभी राहते, ती बहुतेक हीच.

जुनी जीप हाती आली की लोक आधी रंगाकडे आणि टायरांकडे धावतात. माझ्या मते सुरुवात पोटातून करावी, गिअरबॉक्सपासून. इंजिनाचं काम जाणणारे मिस्त्री तालुक्याच्या गावी अजून मिळतात. तीन गिअरच्या टी-९० डब्याला हात लावलेले मात्र दरवर्षी कमी होत आहेत. शिवाय जीपची खरी ताकद इंजिनात नाहीच, ती या डब्यात आणि त्याच्या मागे जोडलेल्या ट्रान्सफर केसमध्ये आहे. हिशोब करून पाहा. पहिल्या गिअरचं प्रमाण २.७९८, ट्रान्सफर केसच्या ‘लो’चं २.४६, क्राऊन-पिनियनचं ५.३८. तिन्हींचा गुणाकार ३७च्या आसपास येतो, म्हणजे इंजिनाचे ३७ फेरे झाले की चाकाचा एक. एवढ्या संथपणे गाडी माणसाच्या चालीने चढ चढते आणि चिखलात चाक जागच्या जागी न फिरता जमीन पकडतं. ‘लो’ टाकण्याआधी पुढचा एक्सल जोडावाच लागतो, अशी अडवणूक ट्रान्सफर केसमध्येच करून ठेवली आहे, कारण एवढा जोर एकट्या मागच्या एक्सलवर आला तर तो मोडेल. डांबरी रस्त्यावर मात्र फोर बाय फोर काढून ठेवावं. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, तो फरक सोसणारा डिफरन्शियल मधे नाही. मग सगळा पीळ शाफ्ट आणि क्रॉस यांच्यावर येतो.

डबा काढायला खड्डा किंवा लिफ्ट लागत नाही. गाडी सपाट जागी घ्यायची, चाकांना दगड लावायचे, आतल्या फरशीचा पत्रा सोडायचा. दोन्ही प्रोपेलर शाफ्ट, स्पीडोमीटरची केबल, क्लचची जोडणी. आणि हँडब्रेकही इथेच सुटतो, कारण त्याचा ड्रम चाकात नसून ट्रान्सफर केसच्या मागे असतो. हँडब्रेक ओढलाय म्हणून निर्धास्त राहून शाफ्ट सोडणाऱ्यावर गाडी सरकू शकते, म्हणून दगड. दुसरी काळजी इंजिनाची. त्याचा मागचा भार गिअरबॉक्सखालच्या आडव्या पट्टीवर असतो. पट्टी निघाली की इंजिन मागे झुकतं. त्याच्याखाली लाकूड घालून जॅक आधीच दिलेला असावा. डबा आणि ट्रान्सफर केस जोडीनेच खाली येतात, तेव्हा दोन माणसं हवीत.

सगळ्यात नाजूक क्षण पुढे येतो, दोघांना वेगळं करताना. ट्रान्सफर केस मागे ओढली की गिअरबॉक्सचा मेन शाफ्टही तिच्याबरोबर सरकू पाहतो, आणि तसं झालं की आतले बारीक रोलर, सिंक्रोचे तुकडे तळाशी सांडतात. विलीजच्या पुस्तकातला उपाय साधा आहे: वरचं झाकण काढून दुसऱ्या गिअरच्या मागे शाफ्टला तार गुंडाळायची आणि तिची टोकं डब्याच्या दोन बाजूंच्या बोल्टांना पिळून बांधायची. शाफ्ट जागेवर राहतो. परत बसवताना हेच सुईसारखे रोलर ग्रीसमध्ये एकेक चिकटवून लावायचे असतात, ज्वारीच्या कणसात दाणे बसावेत तसे, एकही जागा रिकामी न ठेवता. हे काम घाईचं नाही. संध्याकाळी उजेड जाऊ लागला की थांबावं.

डबा काय सोसून आलाय ते तेल सांगतं. सोडलेलं तेल पांढऱ्या कापडावर पसरावं. पिवळसर चकाकी असेल तर पितळी सिंक्रो रिंगा झिजल्या आहेत. रुपेरी कण म्हणजे दाते किंवा बेअरिंग. रिंग गिअरच्या शंकूवर दाबून फिरवावी, धरली पाहिजे; नुसती घसरली तर बदलावी. पहिल्या गिअरला या डब्यात सिंक्रो नाहीच. गाडी पूर्ण थांबायच्या आत तो कोंबण्याची सवय दातांची टोकं खाते, आणि जुन्या सरकारी जिपांचा पहिला गिअर पाहिला की ते लगेच कळतं. दुसरा गिअर उडत असेल तर वरच्या झाकणातल्या गोळ्या-स्प्रिंग, फोर्क आणि शाफ्टची ढिलाई तपासायची. पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेल्या गाडीत दोष डब्याबाहेरही असतो: इंजिन आणि डबा जोडणारी मधली प्लेट केंद्रात नसेल तर गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट वाकडा चालतो आणि नवी बेअरिंगही टिकत नाही. अशा गाडीत आधी प्लेट चांगल्या लेथवर तपासून घ्यावी, मगच डब्यावर खर्च करावा.

तेल भरतानाही विचारून घ्यावं. नव्वद नंबर मागितलं की दुकानदार बहुतेक जीएल-५ पुढे करतो. त्यातल्या गंधकाच्या रसायनांनी पितळी रिंगा खराब होऊ शकतात. या डब्याला जीएल-४ घ्यावं, मिळायला चार दिवस लागले तरी.

सुटे भाग बीडमध्ये सहज मिळत नाहीत, पण मिळतात. पुण्याची नाना पेठ, दिल्लीचा काश्मिरी गेट, आणि जुन्या जिपांवरच जगणारं पंजाब-हरियाणाच्या सीमेवरचं मंडी डबवाली. जुना भाग नमुना म्हणून जवळ ठेवावा. दात मोजून, शाफ्टची जाडी मोजून मगच पैसे द्यावेत. सारखे दिसणारे दोन गिअर सारखे असतातच असं नाही.

कागदांचं काम मिस्त्रीच्या कामाइतकंच महत्त्वाचं. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, ते पाच वर्षांचं असतं. इंजिन बदललं असेल तर बीडच्या एमएच-२३ किंवा अंबाजोगाईच्या एमएच-४४ आरटीओ कार्यालयात त्याची नोंद हवी. पन्नास वर्षांवरच्या गाडीला २०२१च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी घेता येते, नंबरात ‘व्हीए’ येतं. पण ती नोंदणी प्रदर्शनं, रॅली आणि अशाच मोजक्या कारणांपुरती आहे. ज्याला जीप शेतात आणि बाजारात चालवायची असेल त्याने त्या वाटेला जाऊ नये, साधं नूतनीकरणच करावं.

यंदा पेरणीच्या आधी एवढं करा: गोठ्याशेजारच्या जीपचं गिअरबॉक्सचं तेल सोडून कापडावर बघा, आणि तालुक्यातला एखादा म्हातारा मिस्त्री अजून हिंडता-फिरता असेल तर डबा उघडताना त्याला शेजारी खुर्ची टाकून बसवा, घरातल्या पोराच्या हातात पाना द्या.