उकाईचे धरण : भरलेले बरे की रिकामे?

सुरतेच्या माणसाला तापीचे प्रेम जितके, तितकेच तिचे भयही आहे. या भयावरचा मोठा उपाय म्हणजे शहराच्या वर सुमारे 100 किलोमीटरवर, आदिवासी मुलुखात उभे असलेले उकाईचे धरण. ते 1972 साली पुरे झाले. जवळजवळ पाच किलोमीटर लांबीच्या या बांधाचा बराचसा भाग मातीचाच आहे.

मातीचे धरण म्हणजे केवळ मातीचा ढीग नव्हे. पोटात पाणी न झिरपू देणाऱ्या चिकणमातीचा गाभा, त्याच्या दोन्ही अंगांना भरड मातीचे कवच, पाण्याच्या बाजूस दगडांचे पिचिंग. आणि हे सारे थरावर थर देऊन, रूळ फिरवून दाबलेले. असा बांध प्रचंड भार सोसतो. मात्र त्याच्या माथ्यावरून पाणी वाहू लागले, की तो पाहता पाहता वाहून जातो. 12 जुलै 1961 रोजी बांधकाम पुरे होण्याआधीच भरलेले पानशेतचे मातीचे धरण फुटले व पुण्यावर काय ओढवले, हे मराठी माणसाला सांगावयास नको. म्हणूनच उकाईस जादा पाण्याची वाट पक्क्या बांधकामातून काढलेली असून तिला 22 दरवाजे आहेत.

खरी अडचण पुढेच आहे. शेतकऱ्याला, कारखान्याला आणि सुरतेच्या नळाला धरण भरलेले हवे. पूर अडवावयाचा तर ते रिकामे हवे. एकाच भांड्याकडून दोन उलट कामे! यावरची तडजोड म्हणजे 'रूल लेव्हल', अर्थात कोणत्या तारखेस पाणी किती उंचीपर्यंत राखावे याचा नियम. पूर्ण पातळी 345 फूट. पण ती पावसाळा सरत आल्यावरच गाठावयाची. तोवर वरची जागा पुरासाठी मोकळी ठेवावयाची.

ऑगस्ट 2006 मध्ये या नियमाची कसोटी लागली. पाण्याचा लोंढा इतका आला, की धरणातून सुमारे 9 लाख क्युसेक, म्हणजे दर सेकंदास अडीच कोटी लिटर पाणी सोडावे लागले. सुरतेचा फार मोठा भाग बुडाला. पाणी आधीपासून थोडे थोडे का सोडले नाही, असा सवाल लोकांनी केला, आणि तो रास्त होता. परंतु आधी सोडावे आणि नंतर पाऊस दगा देऊन गेला, तर काकरापारच्या कालव्यावरचा ऊस व भात कोणी जगवावा? या प्रश्नाला अंदाजाशिवाय उत्तर नाही.

आणि अंदाज बांधावयाचा तो सुरतेच्या आकाशाकडे पाहून नव्हे. उकाईला पाणी देणारा सुमारे 62 हजार चौरस किलोमीटरचा प्रदेश मुख्यतः मध्यप्रदेशात, विदर्भात व खानदेशात पसरलेला आहे. सुरतेत लख्ख ऊन असतानाही पूर येऊ शकतो, तो यामुळे. म्हणून जळगाव जिल्ह्यातील हतनूर धरणाचे दरवाजे उघडले, की ती वार्ता सुरतेत पावसाच्या वार्तेइतक्याच काळजीने ऐकली जाते.