शूलपाणीच्या झाडीतली बेटं

खानदेशाच्या नकाशाचा वायव्य कोपरा पाहावा. वर नर्मदा, खाली तापीकाठचं काळं सपाट रान आणि मध्ये आडवा सातपुडा. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांच्या उत्तर कडेने नर्मदा जेमतेम ५४ किलोमीटर महाराष्ट्राला शिवून जाते. १ जुलै १९९८ पर्यंत हा मुलूख धुळे जिल्ह्यात होता, आता नंदुरबारमध्ये आहे. नर्मदेचे परिक्रमावासी त्याला शूलपाणीची झाडी म्हणतात आणि मराठी वाचकाला तो बहुधा वाटमारीच्या गोष्टींतूनच ठाऊक असतो. ही ओळख मला अन्यायाची वाटते, कारण इथे पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारी माणसं राहिली आहेत.

सरदार सरोवराच्या धरणाआधीही हा भाग बेटासारखाच होता. दक्षिणेकडून यायचं तर तळोदा किंवा शहाद्याहून घाट चढायचा. उत्तरेला नदीपर्यंत सरळ कडे. धनत्रयोदशीला जिथे यात्रा भरते तो अस्तंभा १,३२५ मीटर उंच. नर्मदेचं पात्र त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही खाली. या उतारांवर भिल्ल आणि पावरा वसले. पावऱ्यांचे पूर्वज नदीपलीकडच्या मथवाडकडून आले, असं मानलं जातं. वस्ती विखुरलेली: एका टेकाडावर एक घर, भोवती त्याचं शेत, पुढच्या टेकाडावर भावाचं घर. अशा घरांचा पाडा आणि पाड्यांचं गाव. बांबूच्या कुडाला शेणमातीचा लेप, सागाचे खांब, वर कौलं. उन्हाळ्यात अंगणात कैऱ्यांच्या फोडी वाळत पडतात; त्यांचा आमचूर धडगावच्या बाजारात जातो. सोयरीक मात्र नदीच्या दोन्ही काठांवर. राज्यांच्या सीमा नंतर आल्या.

१९७९ मध्ये नर्मदा पाणीतंटा लवादाने सरदार सरोवराची उंची १३८.६८ मीटर ठरवली. महाराष्ट्रातली ३३ गावं बुडितात आली, त्यांत पहिलं मणिबेली. पाणी इथे मैदानासारखं पसरलं नाही. दरी अरुंद, त्यामुळे ते नाल्यानाल्यातून आत शिरलं. दोन नाल्यांमधली सोंड तीन बाजूंनी वेढली गेली आणि काही ठिकाणी माथा तेवढा पाण्याबाहेर राहिला. लोक त्याला टापू म्हणतात. काठाची गाळाची जमीन गेली, वरचा मुरमाड उतार उरला. काल ज्या शेजाऱ्याकडे नाला ओलांडून जात, त्याच्याकडे आज होडीने जावं लागतं.

कितीतरी कुटुंबं घराचे खांब उपटून खाली सपाटीवर गेली. तळोद्याच्या जंगलातली ४,२०० हेक्टर जमीन पुनर्वसनासाठी मोकळी झाली आणि सोमावलसारख्या वसाहती उभ्या राहिल्या. एका जंगलाची भरपाई दुसऱ्या जंगलाने झाली, हे लिहिताना मन खट्टू होतं. उरलेले लोक वर सरकत राहिले. १९९०च्या दशकाच्या आरंभी चिमलखेडी आणि निमगव्हाणला मुलांसाठी ‘जीवनशाळा’ सुरू झाल्या. पाणी चढलं तशी खोऱ्यातल्या अशा शाळांनाही जागा बदलावी लागली. बिलगावच्या लोकांनी श्रमदानाने उभारलेला, २००३ साली सुरू झालेला छोटा जलविद्युत प्रकल्प २००६ च्या पुरात गेला. सप्टेंबर २०१९ मध्ये सरोवर पहिल्यांदा काठोकाठ भरलं.

क्रमांकाने विधानसभेचा राज्यातला पहिला मतदारसंघ अक्कलकुवा आणि त्यातलं पहिलं मतदान केंद्र मणिबेली. निवडणुकीला कर्मचारी मतदान यंत्रं घेऊन होडीने तिथे पोहोचतात; त्या दिवशी सरकारला वाट बरोबर सापडते. यंत्रासाठी जशी होडी ठरलेली असते, तशीच अडलेल्या बाळंतिणीसाठी आणि तापाने फणफणलेल्या पोरासाठीही प्रत्येक टापूवर ती रोज ठरलेली असली पाहिजे.