खोक्यावरची बारीक अक्षरं

माझ्या मावसबहिणीच्या लॅपटॉपच्या बटणांमध्ये हळद बसली आहे. डोंबिवलीला राहत्या घरात तिचा मसाल्यांचा धंदा चालतो; ती आणि तिची जाऊ, अशी दोघींची एलएलपी. डायनिंग टेबलाच्या एका टोकाला वजनकाटा, दुसऱ्या टोकाला हा लॅपटॉप, आणि रात्री नऊनंतर त्यावर भाच्याचा कॉलेजचा अभ्यास. यंत्र सहाव्या पिढीच्या इंटेलचं. विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ला थांबवला, आणि विंडोज ११ रीतसर बसायला इंटेलची किमान आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. "अरे, चालतोय की अजून," ताईचं म्हणणं. चालतोय खरा. पण बँक, जीएसटी आणि गिऱ्हाइकांचे पत्ते सगळे त्याच्याच पोटात आहेत.

म्हणून एका शनिवारी आम्ही तिघं ग्रँट रोडला उतरलो. डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग ही पाटी वाचून कोणी दुकान शोधत नाही. सगळ्यांच्या तोंडी लॅमिंग्टन रोडच. दुकानात शिरताच पहिला प्रश्न आला, "मॅडम, बजेट किती?" मला हा प्रश्न नेहमी उफराटा वाटतो. यंत्राला दिवसभरात काय काय जोडणार, हे आधी कोणी विचारत नाही. ताईच्या पिशवीत त्याचं उत्तर होतं: डिजिटल सहीचा डोंगल. एलएलपीला जीएसटीचं विवरणपत्र याच सहीने भरावं लागतं. डोंगल जुन्या रुंद यूएसबीचा, लेबल प्रिंटरची वायर तसलीच, आणि माउस धरून तिसरी. दुकानदाराने पुढे केलेल्या देखण्या, पातळ यंत्राला दोन्हीकडे फक्त टाइप-सीची भोकं होती. ते तिथेच बाद झालं.

दुसरी चाळणी उजव्या हाताची. ताई आकडे न बघता मारते, त्यामुळे वेगळा नंबरपॅड हवाच. चौदा इंची यंत्रांत तो सहसा नसतो, साडेपंधरा इंचीत बहुधा असतो. हिशेब टॅलीत, आणि टॅली विंडोजवरची. म्हणून भाच्याच्या मनातलं मॅकबुकही मागे पडलं. तो थोडा हिरमुसला.

उरली दोन यंत्रं. दोघांवर 'रायझन ५'चा सारखाच चकचकीत स्टिकर, किमतीत थोडाच फरक. मी खोकी मागवली आणि बाजूची बारीक अक्षरं वाचली. एकावर ७५२०यू, दुसऱ्यावर ७५३०यू. एएमडीच्या या क्रमांकांत पहिला आकडा विक्रीच्या वर्षाचा असतो. चिपची घडण तिसऱ्या आकड्यात लपलेली असते. तिथे २ असेल तर झेन २, म्हणजे २०१९ साली बाजारात आलेली रचना. ३ असेल तर त्याच्या पुढची. पहिल्यात चार कोअर, दुसऱ्यात सहा. आडनाव एक, पिढी वेगळी. शिवाय ७५२०यू फक्त एलपीडीडीआर५ जातीची रॅम घेतो आणि ती बोर्डालाच सोल्डर केलेली असते. आज ८ जीबी घेतली की ती जन्मभर ८ जीबी. दुसऱ्या यंत्रात ८ बोर्डावर होती आणि एक खाच रिकामी. टॅली, ब्राउझरच्या वीस खिडक्या आणि भाच्याचे ऑनलाइन तास हे सगळं एकदम पेलायला १६ लागतात, म्हणून ती खाच आम्ही तिथेच भरून घेतली.

इंटेलच्या नावातही शेवटचं अक्षर बघावं. बाराव्या-तेराव्या पिढीत 'यू' म्हणजे पंधरा वॅटचा हिशेब, 'एच' म्हणजे पंचेचाळीसचा. एच जोरकस, पण तापतो, पंखा घोंघावतो आणि बॅटरी पितो. बिलं करायला कशाला हवा तो?

यंत्र चालू केल्यावर भाचा ओरडला, "मामा, फसवलं! ५१२ जीबी सांगितलं, दिसतायत ४७६." फसवणूक नव्हे, तराजू दोन आहेत. बनवणारा हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज १०२४च्या.

मी अडलो ते नोंदणीच्या वेळी. दुकानातला पोरगा पटकन दुकानाच्या ईमेलने मायक्रोसॉफ्टचं खातं उघडायला निघाला आणि मी त्याचा हात धरला. माझ्या मागच्या लॅपटॉपला एका दुकानात असंच केलं होतं. वर्षभराने एका अपडेटनंतर निळा पडदा आला आणि त्याने ४८ अंकी रिकव्हरी की मागितली. विंडोजने डिस्क कुलूपबंद केली होती आणि किल्ली त्या खात्यात. पोरगा नोकरी सोडून गेलेला, पासवर्ड कोणालाच ठाऊक नाही. दोन लेख आणि आईच्या पंच्याहत्तरीचे फोटो त्यात गेले ते गेलेच. ताईचं खातं ताईच्याच ईमेलने उघडलं, आणि त्या ४८ अंकांचा कागद आता तिच्या कपाटात, दागिन्यांच्या डब्याखाली आहे.

सोबत फुकट मिळणाऱ्या ऑफिसचाही भरवसा धरू नये. 'होम अँड स्टुडंट' आवृत्तीचा परवाना घरगुती वापरापुरता असतो, धंद्याच्या पत्रांना तो चालत नाही. आम्ही लिबरऑफिस टाकलं.

मग बिल. "बिलाशिवाय घेता का? कमी करतो," असं हळूच विचारलं गेलं. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. पन्नास हजारांच्या यंत्रात ७,६२७ रुपये कराचे. बिलावर आपला जीएसटी क्रमांक असेल तर धंद्याच्या वापरापुरता तो कर वळता करून घेता येतो. वॉरंटीला कागद लागतो तो वेगळाच. घसाऱ्याची गंमत मात्र ताईला तिच्या सीएने नंतर सांगितली: संगणकावर वर्षाला ४० टक्के घसारा मिळतो, पण त्या आर्थिक वर्षात यंत्र १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर निम्माच. म्हणजे दिवाळीच्या सवलतीत घेणाऱ्याला पहिल्या वर्षी २० टक्के. "आधी बोलला असतास तर दसऱ्याच्या आधीच घेतला असता," ती माझ्यावर घसरली.

जुना लॅपटॉप मोडीत गेला नाही. मसाल्यांच्या पाकिटांची मराठी लेबलं त्यात श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये आहेत. नव्या यंत्रात ती उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. रोज दोन-चार लेबलं युनिकोडमध्ये करायची, असं भाच्याला काम लावलंय. तोवर जुना इंटरनेट तोडून फडताळात.

लक्ष्मीपूजनाला चोपडीशेजारी नवा लॅपटॉप मांडला. ताईने करंडा उघडला तसा भाचा मधे आला. "आई, झाकणावर लाव. आत नको."